मान, पाठ, खांदा आखडणं आणि हातानं करायचे उपचार: मराठवाड्यातले अनुभव इथे लिहा

बालाघाट_फिजिओ

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं परततात आणि आमच्याकडची गर्दी वाढते. तक्रारी ठरलेल्या. "मान फिरंना", "कंबर धरलीय", "हात वर जाईना." बहुतेकांनी आधी गावात चोळून घेतलेलं असतं, मेडिकलवरून गोळ्या आणून संपवलेल्या असतात. या सगळ्यांना समोर बसवून जे सांगते तेच इथे सविस्तर लिहावं, असं बरेच दिवस मनात होतं.

ऊसतोडीत शरीराचं काय होतं ते आधी बघा. कमरेत वाकून बुडख्याशी कोयता मारायचा, एका हातात ऊस धरलेला, दुसऱ्या मनगटाला सारखे झटके. मग वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. मोळी डोक्यावर असताना मान हलवायची सोय नसते. मानेचे आणि खांद्याच्या पात्याचे स्नायू तेवढा सगळा वेळ ताठ राहतात. असे महिनोन् महिने गेले की स्नायू आराम मिळाला तरी सैल पडत नाही. दाबला तर दुखतो, ताणला तर अडतो.

आता हातानं आम्ही करतो काय? एकच जागा घेऊन सांगते. खांद्याच्या पात्याचा वरचा, मणक्याकडचा कोपरा बोटानं चाचपा. तिथून एक स्नायू मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत जातो, त्याचं नाव लिव्हेटर स्कॅप्युली. मान एका बाजूला वळवताना मधेच अडकते तेव्हा बऱ्याचदा हाच धरलेला असतो. मी रुग्णाला खुर्चीत बसवते, हात मांडीवर सैल. अंगठा त्या कोपऱ्याच्या किंचित वर ठेवते. तेल जवळजवळ लावत नाही, कारण तेलानं बोट घसरतं आणि स्नायू पकडीत येत नाही. दाब हळूहळू वाढवत विचारते, दहापैकी किती दुखतंय? पाच-सहाच्या वर जाऊ देत नाही आणि तिथंच थांबते. अर्ध्या-एक मिनिटात रुग्ण विचारतो, "मॅडम, दाब कमी केला का?" दाब तेवढाच असतो, दुखणं उतरलेलं असतं. मग बोट न हलवता त्याला हनुवटी हळूच विरुद्ध बाजूच्या काखेकडं न्यायला सांगते. दाबून धरायचं आणि त्याच वेळी रुग्णानं स्वतः हालचाल करायची, हा या उपचाराचा गाभा आहे.

आणि ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट ही, की हातानं मोकळं झालेलं अंग काही तास, फार तर एक-दोन दिवस मोकळं राहतं. त्या वेळात त्या सांध्याला पूर्ण हालचाल आणि थोडी ताकद दिली तर फरक टिकतो. नुसतं पडून चोळून घेणारा माणूस पुढच्या आठवड्यात तीच तक्रार घेऊन परत येतो. त्यात त्याचा दोष नसतो. व्यायाम करायचाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमचे अनुभव, शंका लिहा.

कापूसपट्टा_परभणी

ताई, फार वेळेवर धागा काढलात. माझ्या आईचा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय. वय 54. कापूस वेचायला जायची, आता वेणी घालायलासुद्धा हात मागं जात नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गावातल्या एका बाईकडून चोळून घेतलं. तिनं "शीर बसवते" म्हणत हात धरून जोरात वर ओढला. त्यानंतर दुखणं दुप्पट झालं. परत मालिश करावी का? कोणतं तेल वापरावं? आमच्याकडं घरी करडईचं असतं.

बालाघाट_फिजिओ

@कापूसपट्टा_परभणी, तेलाचं नंतर बघू. आधी घरीच एक तपासणी करा. आईला खुर्चीत बसवा. कोपर अंगाला चिकटलेलं, काटकोनात वाकवलेलं, अंगठा वर. आता कोपर अंगापासून सुटू न देता तुम्ही तिचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्या. तिनं काहीच जोर लावायचा नाही. आधी चांगल्या हाताचं करा म्हणजे फरक लक्षात येईल. दुखरा हात तुम्ही नेऊनसुद्धा थोडासाच जाऊन घट्ट अडत असेल तर हा फ्रोजन शोल्डर असण्याची शक्यता मोठी. त्यात सांध्याभोवतीची पिशवीच आकसलेली असते. स्नायू चोळून ती सुटत नाही, आणि सुरुवातीच्या दुखऱ्या काळात हिसका मारला तर दुखणं हमखास भडकतं. तुमच्या आईचं तसंच झालेलं दिसतंय.

दुसरं म्हणजे तिची साखर तपासली आहे का? मधुमेह असणाऱ्यांत हा आजार बराच जास्त दिसतो. चाळीस ते साठ हे वय आणि त्यातही बायका, हे नेहमीचं चित्र आहे. आमच्याकडं खांदा दाखवायला आलेल्या काही बायकांना साखर आहे हे त्या निमित्तानंच कळलं. उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) अशा दोन्ही तपासण्या करून घ्या.

हा आजार वर्ष ते तीन वर्षं चालतो. आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. सध्या रात्रीचं दुखणं आहे म्हणजे पहिला टप्पा. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांध्यात इंजेक्शन सुचवतील, त्याला घाबरू नका. सुरुवातीच्या काळात त्यानं चांगला आराम पडतो. घरी पुढं वाकून, चांगला हात टेबलावर टेकवून, दुखरा हात लोंबता सोडून छोटे छोटे झोके. दिवसातून तीन-चार वेळा, सोसेल तेवढंच. मानेच्या आणि पात्याच्या स्नायूंवर हलक्या हातानं करडईचं तेल लावून चोळलंत तर चालेल, तिला बरं वाटेल. हात मात्र कुणालाही ओढू देऊ नका.

नांदेडी_तर्क

लेख चांगला, पण काही प्रश्न सरळ विचारतो. मालिशवाले आणि बरेच फिजिओसुद्धा "गाठ फोडली", "फॅशिया सोडवला" (म्हणजे स्नायूंभोवतीचं आवरण), "विषारी द्रव्यं बाहेर काढली" असं सांगतात. मी थोडं वाचलंय. मांडीच्या बाहेरच्या बाजूची जाड फॅशिया किंवा तळपायाची फॅशिया कायमची लांबवायला जेवढा जोर लागेल तेवढा माणसाच्या हातानं लावताच येत नाही, असं 2008 मधल्या एका गणिती अभ्यासात मांडलेलं आहे. मग तुम्ही नेमकं सोडवता काय?

बालाघाट_फिजिओ

बरोबर वाचलंय तुम्ही. विषारी द्रव्यांची गोष्ट निराधार आहे, मी कुणाला सांगत नाही. व्यायामानंतरचं लॅक्टिक आम्ल शरीर आपलं आपण तासाभरात मार्गी लावतं, त्याला मालिश लागत नाही. आणि फॅशिया हातानं ओढून लांब होत नाही, हेही मान्य.

आज बहुतेक अभ्यासकांचं मत असं आहे की फरक मज्जासंस्थेत पडतो. सावकाश, सोसवेल असा दाब मिळाला की मेंदू त्या भागाचा पहारा सैल करतो. ताण सहन करण्याची मर्यादा वाढते आणि हालचाल वाढते. स्नायूची लांबी तीच असते. म्हणूनच हा परिणाम तात्पुरता असतो, आणि म्हणूनच मी लगेच व्यायाम करायला लावते.

गाठींबद्दल सांगायचं तर जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टर, केनेडी अध्यक्ष असताना व्हाइट हाऊसच्या डॉक्टर होत्या. त्यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत ट्रिगर पॉइंटचे सविस्तर नकाशे तयार केले. कुठला बिंदू दाबला की दुखणं कुठं पसरतं, याचे ते नकाशे 1983 पासून जगभर वापरले जातात. माझ्या कामात ते रोज उपयोगी पडतात. पण दोन तपासणाऱ्यांना एकाच पाठीवर वेगवेगळं बसवलं तर गाठ नेमकी कुठं यावर त्यांचं एकमत फार वेळा होत नाही, हेही अभ्यासांत दिसलंय. मी ते नकाशे वाट दाखवण्यापुरते वापरते. शेवटचा शब्द रुग्णाच्या हालचालीचा. उपचाराआधी मान किती वळत होती, नंतर किती वळते, हे त्याच्यासमोर मोजून दाखवते.

ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2016 मध्ये कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत हातानं करायच्या उपचारांना जागा आहे, पण व्यायामासह दिले तरच. या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

नांदेडी_तर्क

हे असं स्पष्ट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. धन्यवाद.

लातूरची_आई

मुलगा नीटची तयारी करतो. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. दोन महिन्यांपासून डोकं दुखतं म्हणतो, कानशिलात आणि डोळ्यामागं. चष्म्याचा नंबर तपासला, ठीक आहे. परवा त्याच्या मानेला तेल लावत होते तेव्हा खांद्यावरचा स्नायू दाबला तर म्हणाला, "आई, हेच ते डोकं दुखतंय!" मी घाबरले. दाबलं खांद्यावर आणि दुखलं डोक्यात, असं कसं?

बालाघाट_फिजिओ

ताई, घाबरू नका. तुमच्या बोटानं अगदी नेमकी जागा सापडवली. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जो जाड स्नायू चिमटीत येतो तो ट्रॅपेझियस. त्याच्या वरच्या कडेतलं दुखणं मानेच्या बाजूनं वर चढून कानशिलात आणि डोळ्यामागं जाणवतं. ट्रॅव्हेल यांच्या नकाशातला हा सगळ्यात ओळखीचा नमुना आहे. अभ्यासाच्या वयातल्या मुलांत मला तो सारखा दिसतो.

तो स्नायू अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत धरा, जशी भाकरीची कणीक हातात धरतो तशी सबंध, नखं न लावता. अर्धा मिनिट धरून सोडा, असं दोन-तीनदा. मग त्याला खांदे कानापर्यंत उचलून सोडायला सांगा, आणि मान बाजूला झुकवून सावकाश ताण द्यायला सांगा. खरी दुरुस्ती मात्र टेबलाची. पुस्तक सपाट ठेवून वाकून वाचतो का ते बघा. पुस्तकाखाली उतरतं काहीतरी ठेवा, म्हणजे मान खाली जाणार नाही. आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठून दोन मिनिटं चालणं. लातूरच्या अभ्यासिकांमध्ये उठलं की वेळ वाया गेला असं मुलांना वाटतं. त्यांना हे आईबापांनीच सांगायला हवं.

डोकेदुखीसोबत उलट्या, ताप, दोन-दोन दिसणं किंवा पहाटे दुखण्यानं जाग येणं असलं तर मालिशीत वेळ न घालवता डॉक्टर.

तालमीतला_मामा

आमच्या तालमीत पोरं मेहनत झाली की एकमेकाची मालिश करतेत. लई जुनी रीत. वस्ताद सांगायचे, अंग चोळताना हात नेहमी काळजाकडं. पायाची मालिश करताना गुडघ्याच्या मागच्या खळगीत दाबायचं नाही, ही ताकीद. अन् लचक भरली तर त्या दिवशी हात लावायचा नाही, थंड पाण्याची पट्टी. हे बरोबर हाय का?

बालाघाट_फिजिओ

मामा, तुमच्या वस्तादांना नमस्कार. गुडघ्याच्या खळगीतून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते, तिथं दाबायचं नाही, आम्हालाही हेच शिकवतात. ताज्या लचकीवर मालिश नाही, हेही बरोबर. सूज असताना दाबलं तर आतला रक्तस्राव वाढतो. मांडीला जोराचा मुका मार लागला असेल तर मालिश फार दिवस टाळा. साकळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूत हाड धरायला लागतं, कुस्तीगिरांत असं होतं.

मांडीच्या मागची शीर आखडते म्हणणाऱ्या पोरांसाठी एक करून बघा. पोराला उताणं झोपवा, पाय सरळ वर, टाचेला पंचा अडकवून टोकं त्याच्याच हातात. ताण जाणवेल तिथं थांबायचं. मग पंचाच्या विरुद्ध टाच खाली दाबायची, हलकेच, पाच-सहा सेकंद. सोडायचं, श्वास सोडायचा आणि पाय थोडा आणखी वर. तीन-चार वेळा. दुसऱ्यानं खांद्यावर पाय घेऊन रेटायचं नाही.

गोदाकाठ_पैठण

आमच्या घरात पैठणीचे माग आहेत. वडील आणि काका दोघांनी आयुष्य मागावर काढलं. पाय खड्ड्यात, पाठ पुढं, नजर तिल्लीवर, म्हणजे रेशमाच्या छोट्या कांडीवर. काकांची पाठ आता सरळच होत नाही. छातीच्या पुढच्या बाजूला, खांद्याखाली दाबलं की ओरडतात, आणि पाठीला मात्र काही वाटत नाही. आम्ही मात्र रोज पाठच चोळत होतो.

बालाघाट_फिजिओ

पुढं वाकून काम करणाऱ्यांमध्ये छातीवरचे स्नायू, त्यात पेक्टोरॅलिस मायनर, आखूड होऊन बसतात आणि खांदे पुढं ओढून धरतात. पाठीचे स्नायू मागून ताणलेले राहतात म्हणून थकतात. काकांना उताणं झोपवून, मणक्याच्या रेषेत टॉवेलची गुंडाळी ठेवून, हात बाजूला पसरवून दहा मिनिटं पडू द्या. ते सोसलं की छातीवर हलका दाब. रोजच्या कामातून मधे उठून दाराच्या चौकटीला हात टेकवून पुढं झुकणं. वय झालेलं असलं तर पाठ पूर्ण सरळ होईलच असं नाही, पण श्वास मोकळा होतो आणि थकवा कमी होतो, हे मी बघितलंय.

घाटीचा_जुना_विद्यार्थी

मी जनरल प्रॅक्टिस करतो, आधी सरकारी दवाखान्यात होतो. फिजिओ मॅडमच्या म्हणण्याला पूरक म्हणून, आपल्या भागात आखडलेलं प्रत्येक अंग स्नायूमुळं आखडलेलं नसतं, हे लिहिणं मला फार गरजेचं वाटतं.

नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये असं आपलं मानक आहे. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिणाऱ्यांत अस्थिबंध कडक होतात, त्यात चुना भरतो. मान वळत नाही, कंबर वाकत नाही. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि गावात अशी बरीच माणसं, हे दिसलं की आधी पाणी तपासा. कितीही मालिश केली तरी तो कडकपणा जाणार नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कमी वयात ऑपरेशन झालं आणि अंडाशयही काढले गेले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशी बाई "पाठ दुखते" म्हणून चोळून घ्यायला बसते आणि कुणीतरी मणक्यावर जोर देतं. चाळिशीतल्या बाईचा मणका दबलेला मी एक्स-रेत बघितलाय. पाठीला हात लावण्याआधी ऑपरेशनबद्दल विचारायलाच हवं. बायका आपणहून सांगत नाहीत.

तिसरं, पंचविशीतला मुलगा, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर ताठ, हिंडल्यावर बरं, बसल्यावर परत ताठ. हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचे सांधे सुजून हळूहळू जखडत जाणारा आजार, असू शकतो. यात मालिशीमागं वर्षं वाया जातात.

आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखतेय तर ती अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते आणि ती फुफ्फुसात गेली तर जीव जातो. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमध्ये बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना.

बालाघाट_फिजिओ

डॉक्टर, फार मोलाचं लिहिलंत. ऑपरेशनचा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते, आणि एकटीला बाजूला घेऊन विचारते. सासू किंवा नवरा शेजारी असला की उत्तर येत नाही.

यात एक भर घालते. सलूनमध्ये केसांची कटिंग करून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना 'कट्' मोडून घेण्याची सवय आपल्याकडं फार आहे. कृपा करून बंद करा. झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. क्वचित होतं, पण तरण्या माणसालाही होतं. डोक्याची चंपी खुशाल करून घ्या, मान हातात देऊ नका.

कापूसपट्टा_परभणी

ताई, तुम्ही सांगितलं तसं आईचं करून बघितलं. डावा हात सहज बाहेर गेला, उजवा जरा गेला की अडला, मी नेऊनही जाईना. आणि साखर उपाशीपोटी 190 आली. घरात कुणाला कल्पना नव्हती. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, खांद्यासाठी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तुमचे उपकार कसे मानावेत कळत नाही.

बालाघाट_फिजिओ

उपकार कसले. साखर आटोक्यात ठेवा, तिच्या पावलांची आणि डोळ्यांची तपासणीही आत्ताच करून घ्या. झोके चालू ठेवा. फिजिओथेरपिस्ट शोधताना बीपीटीएच पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग असतो.

स्टेअरिंग_जालना

मी गाडीवर चालक आहे. रोज रात्री धाकट्या पोराला पाठीवर उभं करून तुडवून घेतो, त्याशिवाय झोप येत नाही. वजन असेल त्याचं वीसेक किलो. हे चालू ठेवू का बंद करू?

बालाघाट_फिजिओ

दादा, मणक्यावर आणि बरगड्यांखाली, मूत्रपिंडाच्या जागी पाय पडू देऊ नका. पोराचा तोल गेला की पाय कुठंही पडतो, म्हणून बंद केलेलं बरं. त्याऐवजी एक टेनिसचा चेंडू घ्या. भिंतीला पाठ लावून उभं राहा, चेंडू मणका सोडून बाजूच्या स्नायूवर धरा आणि गुडघे वाकवत हळूहळू वर-खाली व्हा. कुल्ल्याच्या मधल्या भागावरही तसाच धरा, सीटवर बसून बसून ती जागा फार दुखते. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिनिटं पुरे. मग पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, कंबर सैल, दहा वेळा. दिवसभर पुढं वाकलेली कंबर त्यानं मागं जाते. सीट पुढं ओढून बघा, क्लच पूर्ण दाबताना गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय सुन्न होतो का, मुंग्या येतात का, आणि त्या गुडघ्याच्या खाली जातात का, ते कळवा. त्यावर पुढचं सांगते.

स्टेअरिंग_जालना

मुंग्या येत नाहीत. कुल्ल्यात दुखतं, मांडीपर्यंत. चेंडू आहे घरात. आज रात्री करतो अन् आठवडाभरानं इथंच लिहितो.